जुन्या घड्याळातले नवे भाग

हाताने चावी द्यायच्या साध्या मनगटी घड्याळात लहानमोठे शंभरेक भाग असतात. त्यांतले काही अखंड घासले जातात, काही झटक्याने तुटतात, काही जागच्या जागी नुसतेच म्हातारे होतात. पन्नास-साठ वर्षे वापरलेले घड्याळ आजही चालत असेल, तर त्यातला एखादा तरी भाग मधे कधीतरी बदललेला असणारच. म्हणून ‘यात बदललेले भाग आहेत का?’ हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न फारसा कामाचा नसतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ हेच असते. कामाचे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. कोणता भाग बदलला, कशासाठी बदलला, त्याच्या जागी काय बसवले, आणि विकणारा हे आपणहून सांगतो की विचारल्यावर?

या प्रश्नांवर घड्याळजी आणि संग्राहक यांचे सहसा जमत नाही. घड्याळजीच्या लेखी घड्याळ चालण्यासाठी असते. बंद घड्याळ म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेले काम. संग्राहकाच्या लेखी ते पुराव्यासारखे असते. अमुक साली अमुक कारखान्यातून काय बाहेर पडले, ते त्यात वाचता आले पाहिजे. पुढचा संवाद या दोन भूमिकांमधला आहे. घड्याळजी साठी ओलांडलेले, संग्राहक त्यांच्या मुलाच्या वयाचा, आणि दोघांच्या मधे काउंटरच्या काचेवर ठेवलेले एचएमटीचे एक ‘पायलट’.

उदाहरण एचएमटीचे घेण्याला कारण आहे. चर्चा रोलेक्स आणि ओमेगाची होते, पण मराठी घराच्या कपाटात सापडणारे जुने घड्याळ बहुधा एचएमटीचे असते. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 सालची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये तिचा बंगळूरचा घड्याळ कारखाना उभा राहिला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. जनता, पायलट, जवान, कोहिनूर, सोना, कांचन ही नावे त्या पिढीला पाठ होती. लग्नात जावयाला आणि निरोपसमारंभात निवृत्त होणाऱ्याला यांतलेच एखादे मिळे. ‘जनता’ देवनागरी आकड्यांच्या डायलमध्येही निघाले होते. 1987 मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना बंद पडला की कालपर्यंतचे जुनाट घड्याळ ‘व्हिंटेज’ होते, तसे याचेही झाले.

घड्याळजींनी पायलटचे मागचे झाकण उघडले आणि डोळ्याचे भिंग गिऱ्हाइकापुढे सरकवले.

“बघा. कमान मी बदललीये. बॅलन्सची दांडी माझ्या आधी कुणीतरी बदललेली दिसते. काच नवी, चावी नवी. आता तुम्ही म्हणणार, ओरिजिनल नाही.”

“कमानीबद्दल मी एक शब्द बोलत नाही, काका. काचेबद्दलही नाही. माझं भांडण डायलशी आहे.”

“डायलकडे येऊ सावकाश. आधी मशीन तर बघा. हल्ली लोक फोटोवरून घड्याळ घेतात आणि मशीन शेवटपर्यंत बघतच नाहीत.”

मशीनबाबत दोघांचे मतभेद कमी आहेत, आणि त्याचे कारण यंत्रातच आहे. पायलटसारख्या सतरा ज्वेलच्या घड्याळाचे बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारे चक्र, तासाला 18,000 ठोके देते. दिवसाला हे 4,32,000 होतात, आणि वर्षाला 15 कोटींहून जास्त. बॅलन्सच्या दांडीची टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड असतात आणि हा सगळा भार त्यांच्यावर येतो. घड्याळ फरशीवर पडले की आधी तीच मोडतात. ती वाचावीत म्हणून त्यांना धरणारे ज्वेल, म्हणजे बारीक खडे, स्प्रिंगवर बसवण्याची युक्ती निघाली: स्विस घड्याळांत 1930 च्या दशकात ‘इन्काब्लॉक’, सिटिझनमध्ये 1956 साली ‘पॅराशॉक’. एचएमटीच्या डायलवर जो ‘पॅरा शॉक’ शब्द दिसतो तो तिथून आला. त्याच्या आधीच्या, असे संरक्षण नसलेल्या घड्याळाची दांडी आजवर शाबूत असेल, तर ते घड्याळ एक तर फार जपून वापरलेले असते किंवा वापरलेलेच नसते.

कमानीचे तसेच. जुन्या कमानी साध्या पोलादाच्या असत. त्या गंजत, कमजोर पडत आणि कधी कधी चावी देता देता कट् आवाज करून तुटत. पुढे न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या कमानी आल्या. जुनी पोलादी कमान जपून ठेवण्यात कोणत्याही संग्राहकाला रस नसतो. काच, रबरी गास्केट, चावीचा दांडा हेसुद्धा झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. उलट चाळीस वर्षे कधीच न उघडलेले मशीन ही काळजीची गोष्ट. आतले तेल चार-पाच वर्षांत वाळू लागते. घड्याळ त्यानंतरही चालते, पण आता धातूवर धातू घासत चालते. ‘कधीच दुरुस्तीला नेलं नाही’ हे वाक्य विकणारे कौतुकाने सांगतात. घड्याळजीला त्यातून झिजलेली भोके दिसतात.

“आणि हे सुटे भाग आणता कुठून?” संग्राहकाने विचारले.

घड्याळजींनी काउंटरखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पंचवीस-तीस मेलेली मशीनं होती, काही डायलसकट. “तीन मेल्यांतून एक जिवंत होतं. पूर्वी कंपनीचे भाग पुडीत मिळायचे. आता कुणाच्या गोदामात जुना स्टॉक निघाला तर निघाला, नाहीतर हा डबा.”

“डब्यातला भाग त्याच मशीनचा असेल तर मला चालतो. मला चालत नाही ते वेगळंच. डायल एका कंपनीचं, मशीन दुसऱ्याच कंपनीचं, केस तिसऱ्याची.”

“ते मलाही चालत नाही. ती दुरुस्ती नव्हे.”

हा फरक दोघांनाही मान्य आहे, आणि तो ओळखण्याची खूणही मशीनमध्येच मिळते. डायलच्या पाठीमागे दोन बारीक पाय असतात. ते मशीनच्या पट्टीतल्या ठराविक भोकांत बसतात. मशीन परके असेल तर भोके जुळत नाहीत. मग पाय कापून डायल चिकटवले जाते. चावीचा दांडा केसच्या भोकात मधोमध न येता वर किंवा खाली येतो. हे फोटोत दिसत नाही. झाकण उघडून, डायल उचलूनच कळते. म्हणून विकणाऱ्याने मशीनचा फोटो दिला नाही तर तो मागावा, आणि मागूनही दिला नाही तर त्याचा अर्थ कळण्याइतका आहे.

मशीन चालते की नाही यापेक्षा कसे चालते हे महत्त्वाचे. टाइमग्राफर नावाचे छोटे उपकरण घड्याळाचा आवाज ऐकून दिवसाला किती सेकंद पुढेमागे जाते, बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे आणि डाव्या-उजव्या ठोक्यांत किती फरक आहे, हे दाखवते. झोका अडीचशे अंशांच्या वर असेल तर प्रकृती ठीक; दोनशेच्या खाली असेल तर घड्याळ घेतल्याबरोबर दुरुस्तीचा खर्च धरावा. हे आकडे विकणाऱ्याच्या शब्दांपेक्षा खरे बोलतात.

आता डायल. इथे भांडण खरे आहे आणि ते सहज मिटणारे नाही.

डायल काही काम करत नाही. ते फिरत नाही, घासत नाही, ओझे उचलत नाही. काचेआड पडून राहते आणि उजेड, दमट हवा, वय यांनी पिवळे पडते, डाग धरते, तडकते. म्हणजे कमान आणि दांडी कामाने झिजतात, डायल मात्र नुसते म्हातारे होते. झिजलेला भाग बदलला नाही तर घड्याळ थांबते. म्हातारे डायल बदलले नाही तर काहीच बिघडत नाही, फक्त ते म्हातारे दिसते. कमान बदलणे ही गरज. डायल बदलणे ही बहुतेक वेळा आवड. संग्राहक जगभर डायलवर इतका का अडतो, याचे यापेक्षा वेगळे स्पष्टीकरण शोधायला नको.

पायलटचे डायल काळे होते, वर ठळक पांढरे आकडे. लांबून अगदी हवे तसे. संग्राहकाने भिंग लावले.

“अक्षरं जाड आहेत, काका. आणि मिनिटांच्या रेघा बघा, बाराच्या इथे एकीला एक चिकटलीये.”

“रिडायल आहे. मी कुठं नाही म्हणालो? विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं.” घड्याळजींनी घड्याळ उलटे करून पुन्हा सुलटे केले. “पण पत्रा एचएमटीचाच आहे. जुना रंग खरवडला, नवा दिला, वर छापलं. दुसरीकडचं डायल नाही हे.”

“पत्रा कोण बघतं, काका?”

रिडायल ही आपल्याकडची जुनी कारागिरी आहे, आणि ती फसवणुकीतून जन्मलेली नाही. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती. त्याआधीच मुंबईत स्विस घड्याळांचा मोठा व्यापार रुजलेला होता. फेवर ल्यूबा ही स्विस कंपनी 1865 पासून भारतात व्यवसाय करत होती, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे फौजेपासून रेल्वेपर्यंत पोचली होती. घड्याळे आधीच आलेली, सुटे भाग येईनात, नवे घड्याळ परवडेना आणि कोकणापासून मुंबईपर्यंत चार महिने पावसाळा. काचेच्या आत ओल गेली की डायलवर डाग. अशा वेळी जुने डायल रंगवून देणारे कारागीर निघणारच होते.

घड्याळजींनी हेच आपल्या भाषेत सांगितले. “गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, माझ्या लग्नातलं घड्याळ आहे, पोराच्या लग्नात घालायचंय, चकाचक करून द्या. मी त्याला काय सांगणार? राहू दे डाग, चाळीस वर्षांनी कुणी संग्राहक येईल?”

संग्राहक हसला, पण मागे हटला नाही. “त्याला माहीत होतं ना, की रंगवलंय. त्याची काही फसवणूक झाली नाही. पण मुलानं ते विकलं. घेणाऱ्यानं आणखी कुणाला विकलं. तिसऱ्या हातात गेलं तेव्हा ‘रंगवलंय’ हा शब्द वाटेत कुठंतरी गळाला होता.”

संग्राहकाच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. दुरुस्ती करणारा प्रामाणिक असतो, पण त्याची माहिती घड्याळाबरोबर प्रवास करत नाही. त्यातूनच आज जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ झाला आहे. मुंबईकराला त्याचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. खरवडून भडक रंगांत रंगवलेली, हाताला येईल त्या भागांतून जुळवलेली आणि ‘अस्सल व्हिंटेज’ म्हणून परदेशी विकली जाणारी घड्याळे या नावाने ओळखली जातात. पायलटवर नारिंगी, आकाशी किंवा पोपटी डायल आणि मधोमध फौजी बाणाची खूण दिसली, तर ती कल्पनाशक्ती कारखान्याची नव्हे.

भडक रंग ओळखणे सोपे. काळ्यावर काळेच रंगवलेले ओळखायला भिंग लागते. कारखान्यात डायलवरची अक्षरे मऊ गादीने शाई उचलून छापली जात. कडा इतक्या नेटक्या असतात की मोठी करून पाहिली तरी तुटत नाहीत. रिडायलमधली अक्षरे फुगलेली किंवा हलकी थरथरलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा काठाशी समांतर राहत नाहीत. छोट्या सेकंदकाट्याचे वर्तुळ असेल तर नावाचे एखादे अक्षर त्यावर चढते. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा ओघळ राहतो. डायलच्या काठावर एखादी बारीक खाच असते; छापताना डायल सरळ बसावे म्हणून कारागिराने ती पाडलेली असते आणि काचेच्या कडीखाली ती लपते. स्विस घड्याळात सहाच्या आकड्याखालची बारीक अक्षरे बऱ्याचदा गायब असतात, कारण पुन्हा छापताना ती कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. यांतली एक खूण एकटी दिसली तर संशय पुरेसा. दोन-तीन एकत्र आल्या तर शंका उरत नाही.

जुने डायल नवे करण्याचे वेड फक्त आपल्याकडचे नाही. रोलेक्ससारख्या कंपन्यांकडे दुरुस्तीला गेलेल्या घड्याळांची कळाहीन डायले काढून नवी बसवली जात. त्यांना ‘सर्व्हिस डायल’ म्हणतात. डायल कंपनीचेच, कामही कंपनीचेच, आणि मालकही त्या वेळी खूश. जिनिव्हातले गिऱ्हाईकही शेवटी गिऱ्हाईकच. आज मात्र तेच घड्याळ मूळ, पिवळटलेल्या डायलच्या जोडीदारापेक्षा कमी किमतीला जाते. रोलेक्सच्या डेटोना या घड्याळाचे एक वेगळे, चौकोनी खुणांचे डायल एके काळी दुकानात पडून राही. पुढे ते पॉल न्यूमन या नटाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेले. त्यातला मोठा वाटा न्यूमनच्या मनगटाचा होता हे खरे. पण इतर मालकांच्या घड्याळांतही त्याच मशीनवर आणि त्याच केसमध्ये साधे डायल आणि ते डायल यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. जिथे एका पत्र्याला एवढी किंमत येते, तिथे तो पत्रा दुसऱ्या घड्याळातून काढून बसवणारेही येतात.

डायलला हात लावू नये याला आणखी एक, जास्त गंभीर कारण आहे.

“माझ्याकडे एक जुनं स्विस आहे,” संग्राहक म्हणाला, “काट्यांवर आणि आकड्यांवर जाडसर पिवळट-करडा लेप आहे. अंधारात काही चमकत नाही आता. तो लेप काढून नवा भरता येईल का?”

“नाही. आणि दुसरं कुणी हो म्हणालं तरी देऊ नका. रेडियम असेल ते.”

“चमकत तर नाही.”

“चमकत नाही म्हणून गेलं असं नाही.”

घड्याळजींचे म्हणणे बरोबर होते. 1960 च्या दशकापर्यंत अंधारात दिसणाऱ्या डायलांवर रेडियम वापरत. रेडियमचे किरण लेपातल्या झिंक सल्फाइडला उजळवतात. काही दशकांत ते झिंक सल्फाइड थकते आणि चमक विझते. रेडियम मात्र तसेच राहते. त्याची किरणे निम्मी व्हायला सुमारे 1600 वर्षे लागतात. लेप खरवडला की त्याची धूळ हवेत जाते, आणि श्वासावाटे ती आत गेली तर खरा धोका तो. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि इलिनॉय येथे डायलांवर हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढत. त्यांतल्या अनेक जणी जबड्याचे हाड कुजून आणि रक्ताच्या विकारांनी गेल्या. नंतर ट्रिटियम आले. ते दर बारा वर्षांनी निम्मे होते, म्हणून जुन्या ट्रिटियमचे डायल आज मंद असते पण निरुपद्रवी. 1990 च्या दशकात उजेड साठवून चमकणारे, किरणोत्सर्ग नसलेले लेप आले. तेव्हा 1950 च्या दशकातले म्हणवणारे डायल रात्री हिरवेगार झळकत असेल तर लेप नवा आहे, एवढे नक्की. काटे झळकतात आणि डायल नाही, असे असेल तर काटे बदललेले.

काटे, चावी आणि केस यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. काटे वाकतात, गंजतात, आणि सारखे दिसणारे सहज मिळतात. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नसेल किंवा त्यांच्या पुढे जात असेल तर तो पाहुणा. चावी कंपनीच्या खुणेची नसली तर किमतीत थोडी घट धरावी, घड्याळ सोडू नये. केसच्या बाबतीत बदलण्यापेक्षा घासणे वाईट. पॉलिश करून करून केसच्या धारा गोल होतात, मागच्या झाकणावरचा क्रमांक पुसट होतो, आणि गेलेला धातू परत आणता येत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत असते. झाकणावर काहीही लिहिलेले असो, जुने घड्याळ घालून हात धुऊ नयेत.

सगळे भाग बदलले तर घड्याळ तेच राहते का, हा तत्त्वज्ञानाचा जुना छंद आहे. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे त्याचा आस, चाके की दांडा. आणि यांतले काहीच एकटे रथ नसते, सगळे जुळून आले की त्याला ‘रथ’ हे नाव मिळते, असे निघते. नागसेनाला घड्याळाच्या लिलावात कुणी उभे केले नसते. तिथे नावापेक्षा चाक कुठून आणले हे आधी विचारतात.

नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 1957 च्या पहिल्या नमुन्याचे एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. त्याचे काळे डायल उन्हाने तपकिरी झाले होते, आणि असे डायल संग्राहकांना विशेष प्रिय. 2023 मध्ये उघड झाले की ते घड्याळ वेगवेगळ्या जुन्या घड्याळांचे भाग एकत्र करून उभे केले होते. ते विकत घेतले होते खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी, आणि या प्रकारात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता, असे कंपनीने जाहीर केले. ज्या कंपनीने घड्याळ बनवले, तिच्याच संग्रहालयाची दिशाभूल होऊ शकते, तर सामान्य गिऱ्हाइकाने ‘तज्ज्ञाने पाहिले आहे’ या शब्दांवर किती विसंबावे, हे त्याने ठरवावे.

“म्हणूनच म्हणतो,” संग्राहक म्हणाला, “भाग खरा असून चालत नाही. तो त्याच घड्याळात जन्मलेला हवा.”

“मग डबा फेकून देऊ?”

“नाही. डब्यातून घेतलं तर तसं सांगा.”

मराठीत यासाठी तीन शब्द पुरतात आणि ते एकमेकांत मिसळू नयेत: दुरुस्त केलेले, जुळवलेले आणि बनावट. झिजलेल्या भागाच्या जागी तसलाच भाग आला तर घड्याळ दुरुस्त केलेले. अनेक घड्याळांतून एक उभे केले तर जुळवलेले. ते वाईट नाही, पण त्याची किंमत वेगळी. जुळवलेले किंवा रंगवलेले घड्याळ मूळ म्हणून विकले की ते बनावट, मग त्यातला प्रत्येक भाग कारखान्यातला असला तरी.

कायदाही याच रेषेवर चालतो. अमेरिकेत व्होर्टिक ही छोटी कंपनी खिशात ठेवायच्या जुन्या हॅमिल्टन घड्याळांची मशीने आणि डायले नव्या केसमध्ये बसवून मनगटी घड्याळे करते. हॅमिल्टनने तिच्यावर खटला भरला. 2021 मध्ये अपील न्यायालयाने व्होर्टिकच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याचा मोठा आधार हा होता की जुने काय आणि नवे काय, हे कंपनी उघडपणे सांगत होती. उलट बाहेरची डायले आणि इतर भाग बसवून त्यांवर रोलेक्सचे नाव ठेवून विकणाऱ्या बेकरटाइम या विक्रेत्याविरुद्ध 2024 मध्ये अपील न्यायालयाने ट्रेडमार्कभंगाचा निकाल कायम ठेवला. आपल्याकडच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. या बाजारात मात्र खोटेपणा उलटा वाहतो: इथे नवे रंगवलेले जुने म्हणून खपवतात. वस्तूच्या दर्जाबद्दल किंवा घटकांबद्दल खोटे सांगणे हेही त्याच व्याख्येत येते, त्यामुळे वाट अगदी बंद नाही. पण त्या वाटेने जायला हातात लिखित वर्णन असावे लागते. तोंडी ‘एकदम ओरिजिनल साहेब’ने काही सिद्ध होत नाही.

मग घ्यावे की सोडावे? हे घड्याळ कशासाठी हवे, यावर बरेचसे अवलंबून आहे. रोज घालायला हवे असेल तर मशीनकडे पाहावे, रिडायलला घाबरू नये, आणि रिडायलच्या किमतीपेक्षा जास्त देऊ नये. जमवण्यासाठी हवे असेल तर डागाळलेले पण मूळ डायल आणि बंद पडलेले मशीन हे चालणाऱ्या चकाचक रिडायलपेक्षा चांगले. मशीन दुरुस्त होते, खरवडलेली छपाई परत येत नाही. आजोबांच्या घड्याळाला यांतले काहीच लागू नाही. ते विकायचे नसते, म्हणून त्याची बाजारात किंमतच नसते. तरीही डायलला हात लावण्याआधी घड्याळजीला थांबवून एकदा विचार करावा, कारण डाग हे बरेचदा त्या मनगटानेच पाडलेले असतात.

पायलटचा व्यवहार मात्र लगेच संपला नाही. घड्याळजींनी डब्यातून एक मशीन उचलले. त्यावर पायलटचेच डायल होते, आठाच्या आकड्याजवळ ओलीचा तपकिरी डाग, बाकी छपाई कारखान्याची.

“हे बसवून देऊ? पायांना बसेल. मग तुमचं सगळं एचएमटीचं.”

संग्राहकाने ते बराच वेळ भिंगाखाली धरले. “बसवलंत तर घड्याळ जुळवलेलं होईल. नाही बसवलं तर रंगवलेलं राहील.”

“पत्रा याचा स्वतःचा आहे आणि रंग परका. त्याचा रंग खरा आहे आणि पत्रा परका. तुम्ही ठरवा. मी दोन्ही लावून देतो.”

शेवटी संग्राहकाने पायलट रिडायलच्या किमतीला आहे तसेच घेतले, रोज घालण्यासाठी. डागाचे डायल कागदाच्या पुडीत वेगळे घेतले. घड्याळजींनी दोन्हींचे एकच बिल केले आणि संग्राहकाने सांगितल्यावर बिलाच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले: कमान नवी, काच नवी, चावी नवी, दांडी आधीची बदललेली, डायल रंगवलेले, पत्रा मूळ, पुडीतले डायल दुसऱ्या घड्याळाचे. खाली तारीख घातली आणि सही केली.